सशाची जोडी घरी आणण्यापूर्वी

"बाबा, मले ससा पाहिजे!"

परीक्षा आटोपली की नागपुरातल्या अनेक घरांत हा हट्ट सुरू होतो. तारेच्या पिंजऱ्यात बसलेले पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे ससे पाहून लेकरांचा पाय तिथून निघत नाही. दिवसभर राबून आलेल्या बापाला मुलाचे मन मोडवत नाही. विकणारा म्हणतो, "एकटा कंटाळेल, जोडीच न्या." जोडी घरी येते. इथपर्यंत सारे गोड असते. खरा प्रश्न एका महिन्यानंतर उभा राहतो.

सशाची मादी साधारण ३० ते ३१ दिवसांत विते. एका वेताला चार ते आठ पिल्ले होतात. नर जवळ असेल तर व्यायली त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. एका वेताची सहाच पिल्ले धरून हिशेब करा. तीन महिन्यांत दोनाचे वीस होतात! चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्या वेताची पिल्लेही वयात येतात. आपले घर दीड-दोन खोल्यांचे. त्यात माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तिथे वीस ससे कुठे ठेवणार?

मग पिल्ले मिळेल त्याला वाटली जातात. कोणी वाढदिवसाला भेट देतो, कोणी दहा-वीस रुपयांत विकतो. काही जण "जंगलात सोडून देऊ, तिथे सुखी राहतील" म्हणतात. ही फार मोठी चूक आहे. विदर्भाच्या माळरानात दिसणारा ससा वेगळ्या जातीचा आहे. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले. याची पिल्ले उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात. पिंजऱ्यात वाढलेल्या या जिवाला कुत्रा-मांजरापासून पळणेही ठाऊक नसते. त्याला मोकळे सोडणे म्हणजे मरायला सोडणे होय.

जिवांचा व्यापार

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातील 'जीव' म्हणजे माणसे, असा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. माणसाला वस्तूसारखे विकू नये, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. कोंबड्या-बकऱ्या पाळून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनींना येथे दोष द्यायचा नाही. परंतु चार पैशांसाठी किंवा केवळ गंमत म्हणून घरात पिल्ले वाढवीत जायची आणि पुढे त्यांचे काय झाले ते पाहायचेच नाही, हे पहिले शील पाळणाऱ्या घराला शोभते काय, याचा विचार करावा.

काय करावे?

पहिली गोष्ट, नर-मादी एकत्र ठेवू नका. लहान पिल्लांत नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे अवघड असते. "दोन्ही माद्याच आहेत" या बोलण्यावर विसंबून अनेक घरे फसतात. सेमिनरी हिल्स येथे १९५८ पासून नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील किंवा जवळच्या पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे. सशाला सोबत लागते हे खरे, पण त्यासाठी दोन माद्या पुरतात. दोन नर वयात आले की एकमेकांना रक्त निघेपर्यंत चावतात. नराची नसबंदी करता येते, मात्र त्यानंतरही महिना-दीड महिना त्याला मादीपासून दूर ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट, आपले ऊन. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सशाला घाम येत नाही. तो कानांवाटे अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तिशीच्या वर तापमान गेले की त्याला त्रास सुरू होतो. टिनाच्या छपराखाली ठेवलेला ससा एका दुपारीत दगावू शकतो. पिंजऱ्यावर ओले पोते टाकावे, हवा खेळती ठेवावी आणि पाणी कधीही संपू देऊ नये. हे जमणार नसेल तर उन्हाळ्यात ससा आणूच नये.

तिसरी गोष्ट, खाणे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला दिवसभर गवत चघळायला लागते. शिळी पोळी, भात, बिस्किटे देऊ नयेत. त्याने पोट बिघडून तो मरतो.

घरात पिल्ले झालीच असतील तर घाबरू नका. आई पिल्लांना दिवसातून एक-दोनदाच, तेही काही मिनिटे पाजते. "आईने टाकून दिले" असे समजून मुले पिल्ले उचलतात, तसे करू देऊ नये. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येऊन खाऊ लागतात. तरीही आठ आठवडे आईजवळच ठेवावीत. कुत्र्याच्या पिल्लांसाठी २०१७ च्या नियमांत हेच वय आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तीन महिन्यांच्या आत नर पिल्ले वेगळी करावीत.

चांगले घर कसे ओळखावे?

पिल्लू देताना संकोच न करता विचारावे. मे महिन्यात याला कुठे ठेवाल? तुम्ही गावी गेलात तर कोण पाहील? घरात मांजर-कुत्रे आहे काय? पाळायला नेता की कापायला? या शेवटच्या प्रश्नाचा राग आला तरी चालेल, पण तो विचारावा. शक्य असेल तर त्यांचे घर पाहून यावे. एकाच वेताच्या दोन बहिणी एकत्र द्याव्यात. एका कागदावर जन्मतारीख, नर की मादी आणि रोजचे खाणे लिहून द्यावे, सवयीचे खाद्य सोबत बांधून द्यावे. आणि एवढे जरूर सांगावे, "नाही जमले तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडेच परत आणा."

पोपट, मुनिया, चांदणी कासव यांच्यासाठी घर शोधू नये. हे वन्यजीव आहेत आणि १९७२ च्या कायद्याने ते पाळणे गुन्हा आहे. असा पक्षी जखमी सापडला तर वनविभागाला कळवावे.

राहिला लेकराचा हट्ट. मुलाला नुसते 'नाही' म्हणू नका. त्याला कागद-पेन्सिल द्या आणि वरचा तीन महिन्यांचा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या. मग विचारा, "बाळा, या अठरा पिल्लांसाठी घरं कोणती?" वस्तीतली नावे तो मोजू लागेल आणि चार-पाचावर अडखळेल. त्यानंतर जो ससा घरी येईल, त्याचे पाणी संपले की नाही हे तो स्वतःहून पाहील.