चिखलदऱ्यात निवांत एक दिवस

चिखलदऱ्याहून परतलेल्या माणसाला वऱ्हाडात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पॉइंट झाले?" दिवसभरात आठ-दहा पॉइंट उरकायचे, प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचे आणि अंधाराच्या आत घाट उतरायचा, अशीच सहल आता रूढ झाली आहे. इथे सुचवलेला दिवस वेगळा आहे. देवी पॉइंट, गाविलगड आणि भीमकुंड ही तीनच ठिकाणं पाहायची आणि मधल्या वेळात सावकाश जेवायचं.

घाट चढताना

अमरावतीहून परतवाड्यामार्गे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा रस्ता आहे. अकोल्याहून निघणाऱ्यांना अकोट, अंजनगावमार्गे परतवाडा गाठता येतं. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, तर चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणून खाली ऊन तापलेलं असतानाही वर पाच-एक अंशांचा गारवा मिळतो. सागाच्या जंगलातून वळणं घेत जाणारा घाट उजाडल्यावर लवकर चढावा.

देवी पॉइंट

कड्याच्या कपारीत देवीचं मंदिर आहे आणि वरच्या खडकातून पाणी झिरपत असतं. गाविलगडाचे हे डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत. पावसाचं पाणी भेगाळ थरात मुरतं आणि कडा उघडा पडला आहे तिथे बाहेर येतं. डोंगराच्या दक्षिणेचं पाणी चंद्रभागेसारख्या नद्या पूर्णेला नेऊन देतात. उत्तरेकडे मेळघाटातल्या खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या तापीकडे धावतात. पूर्णाही पुढे तापीलाच मिळते. खाली पसरलेलं वऱ्हाडचं मैदान आणि तिथला कापूस या डोंगराच्या पाण्याशी असा बांधलेला आहे.

गाविलगड

गडाला किमान तीन तास द्यावेत. गवळ्यांच्या जुन्या गढीच्या जागी बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास दगडी किल्ला बांधला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादउल्मुल्क याने तो मजबूत केला. फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा. दिल्ली दरवाज्यावर सिंहांच्या जोडीला कोरलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी त्या दक्षिणी नात्याची खूण मानला जातो. दरवाज्यापाशी थांबून हे शिल्प नीट पाहावं.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रज भोसल्यांच्याच ताब्यातल्या गाविलगडाकडे वळले. इंग्रज अधिकारी स्टीव्हनसनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून आणल्या, कारण पठाराला जोडलेली तीच बाजू त्यातल्या त्यात सोपी होती. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. आज तलाव, मशीद, तोफा आणि पडझड झालेली तटबंदी पाहताना सोबत जाणता वाटाड्या असावा.

दुपारचं जेवण

गड उतरल्यावर कडकडून भूक लागते. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढं पान पुरतं. आधी सांगून ठेवलं तर कुठे पाटोडीची रस्साभाजीही मिळते. जेवणानंतर रबडी मात्र चुकवू नये. डोंगरात चरणाऱ्या म्हशींचं दूध आटवून आटवून ती दाट होते. गवळ्यांची गुरं या कुरणांत पिढ्यानपिढ्या चरत आली आहेत. हिवाळ्यात मोथा गावाच्या परिसरातली स्ट्रॉबेरी रस्त्याकडेला विकायला येते. ती शेतकऱ्याकडूनच घ्यावी.

भीमकुंड आणि घुंगरू बाजार

भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले, अशी कथा इथे सांगतात. पावसाळ्यानंतर धबधब्याला पाणी असतं, तेव्हा तासभर कठड्यापाशी नुसतं बसावं. मग कॉफी घ्यावी. चिखलदऱ्याच्या उतारांवर कॉफीची लागवड आहे, हे खुद्द वऱ्हाडातही अनेकांना माहीत नसतं.

दिवाळीनंतर गेलात तर मेळघाटातल्या एखाद्या गावाचा घुंगरू बाजार जरूर गाठा. वर्षभर गावाची गुरं राखणारे थाट्या या दिवसांत सजून, पायांत घुंगरू बांधून बासरीच्या सुरावर नाचतात आणि गाव त्यांना ओवाळणी देतं. बाजारात भेटणारे बहुसंख्य लोक कोरकू असतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे दूर झारखंडच्या संथाली-मुंडारीची बहीण. फोटो काढण्याआधी परवानगी विचारावी, हातातलं प्लास्टिक परत घेऊन यावं.

चिखलदऱ्याचं पाणी, दूध आणि गुरं राखणारी माणसं एकाच डोंगरावर जगतात. पॉइंटांच्या मागे धावणाऱ्याला हे नातं दिसत नाही. तीनच ठिकाणं पाहून आणि पोटभर जेवून परतणाऱ्याला मात्र चिखलदरा खऱ्या अर्थाने भेटतो.