निकाह आणि नवा मध्यस्थ

इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे निकाह हा एक करार आहे. एका पक्षाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, साक्षीदारांनी ते ऐकावे आणि वराने वधूला मेहेर द्यावा, असे त्याचे स्वरूप असते. वधूची संमती त्यात आवश्यक मानली आहे. खन्सा बिन्त खिझाम या स्त्रीचा विवाह पित्याने तिच्या इच्छेविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबर महंमदांनी तो रद्द केल्याची हकीकत हदीसग्रंथांत नमूद आहे.

व्यवहारात मात्र निवड बहुधा वडीलधाऱ्यांच्याच हाती राहिली. उत्तर भारतात मश्शाता नावाची मध्यस्थ स्त्री घरोघर स्थळे सुचवीत असे, आणि नात्यातली माणसे कुळशीलाची हमी देत. पुढे शिक्षणासाठी व चाकरीसाठी कुटुंबे परदेशी गेली आणि हे वर्तुळ अपुरे पडू लागले. ब्रिटनमधील मुस्लिम तरुणांची हीच अडचण ओळखून २०१५ साली लंडनमध्ये 'मझमॅच' हे मोबाइलवरील ॲप निघाले. २०२२ पासून त्याचे नाव 'मझ' असे आहे. त्यात आपले छायाचित्र धूसर ठेवता येते, आणि इच्छा असल्यास संभाषणाची प्रत पालकाकडे जाण्याचीही सोय आहे.

ही सोय ऐच्छिक असावी, हे लक्षणीय आहे. हनफी मताप्रमाणे सज्ञान स्त्री स्वतः निकाहाचा करार करू शकते. शाफिई मताप्रमाणे वलीवाचून, म्हणजे पालकावाचून, तिचा निकाह होत नाही. कोकणी मुसलमान प्रायः शाफिई आहेत. तेव्हा रत्नागिरीच्या एखाद्या कन्येने परदेशात आपला वर स्वतः निवडला, तरी निकाहाच्या वेळी वलीचे स्थान कायमच राहते.

जुन्या पद्धतीत चौकशी कसून होई, पण मुलीचे मन विचारले जाईच असे नव्हते. नव्या पद्धतीत तिच्या होकारावाचून संभाषणच सुरू होत नाही. मात्र समोरचा मनुष्य स्वतःविषयी जे सांगेल तेवढेच तिच्या हाती असते. त्याचा स्वभाव, त्याचे कर्ज, पूर्वीचा विवाह, यांची साक्ष यंत्र देत नाही. म्हणून विचारी तरुण-तरुणी ओळख स्वतः करून घेतात आणि चौकशीचे काम मामा-मावशीवर सोपवितात. मुलीचा होकार आणि घरच्यांची चौकशी या दोहोंची सांगड जेथे पडते, तेथे निकाहाचा करार खऱ्या अर्थाने दोन्ही पक्षांचा होतो.