तलवार दिसली, न थांबणारी बस दिसली नाही!

मारी सेल्वराज यांचा ‘कर्णन’ हा तामिळ चित्रपट ९ एप्रिल २०२१ रोजी पडद्यावर आला. धनुष त्याचा नायक. चित्रपट मारधाडीचा आहे, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु तो आल्यापासून काही समीक्षक एकच पालुपद आळवीत आले आहेत. चित्रपट देखणा आहे, पण हिंसेचे उदात्तीकरण करतो. दलित तरुणांच्या हाती तलवार देतो. त्यांना कायद्यापासून दूर नेतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आमची पोरे हा चित्रपट मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतात. म्हणूनच या मताचा समाचार घेणे आम्हांला गरजेचे वाटते.

समीक्षक महाशयांना तलवार दिसली. तलवारीच्या आधी काय घडते, ते मात्र दिसले नाही. पोडियनकुलम या दलितांच्या गावाला बसथांबा नाही. एक मुलगी फिट येऊन रस्त्यात तडफडत मरते, गाड्या तिच्या अंगावरून गेल्यासारख्या शेजारून निघून जातात. पुढे एका गरोदर बाईसाठीही बस थांबत नाही, तेव्हा तिचे लहान पोर बसवर दगड मारते. मग गाव ती बस फोडते. पोलीस येतात आणि गावातील वडीलधाऱ्यांना ठाण्यात नेऊन गुरासारखे बडवतात. का? तर यांची नावे राजांची आणि डोक्याला फेटा! बस फोडल्याचा राग कमी, ताठ मानेचा राग अधिक. तलवार चालते ती या सगळ्यानंतर. शेवटचे पान वाचून पुस्तकाचा निकाल देणाऱ्याला वाचक म्हणत नाहीत. मग समीक्षक तरी कसे म्हणावे?

ही कथा हवेतली नाही. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी तामिळनाडूतील कोडियनकुलम या दलित गावात पोलीस फौजफाटा घेऊन शिरले आणि त्यांनी घरे, सामानसुमान, धान्य यांची नासधूस केली. त्या घटनेची छाया या चित्रपटावर आहे. तेव्हा हिंसेची सुरुवात कोणी केली, हा प्रश्न समीक्षकाने आधी विचारायला हवा होता.

आता आपल्याकडे या. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच गेला. डोंगरातल्या पाड्यांवर मात्र धड रस्ता नसल्याने गरोदर बाईला झोळीत घालून न्यावे लागते, अशा बातम्या आजही येतात. मुरबाड तालुक्याला रेल्वे नाही. एसटी चुकली की दिवस बुडाला. पाणी आमच्या दारावरून जाते, रस्ता आमच्या शेतातून जातो, थांबत मात्र काहीच नाही. कातकरी, ठाकूर, बौद्ध यांच्या वस्तीतील पोराला पोडियनकुलमची भाषा कळत नाही, पण न थांबणारी बस लगेच कळते. मल्टिप्लेक्समधून स्वतःच्या मोटारीने घरी जाणाऱ्याला ती कशी कळावी?

दुसरा मुद्दा दुटप्पीपणाचा. ‘सिंघम’ (२०११) आणि ‘सिम्बा’ (२०१८) या चित्रपटांत वर्दीतला नायकच कायदा धाब्यावर बसवून आरोपीला संपवतो आणि वर खोटा बनाव रचतो. त्यावर टाळ्या पडल्या, शिट्या वाजल्या, गल्ला भरला. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका जाहीर भाषणात अशा चित्रपटांतून जाणारा संदेश घातक असल्याचे बजावले. एका न्यायमूर्तींना ते सांगावे लागले, यातच सारे आले. वर्दीवाल्याने गोळी घातली तर मनोरंजन आणि दलिताने मार चुकवायला हात उचलला तर हिंसेचे उदात्तीकरण! हा कुठला न्याय?

मग आम्ही तलवारीची वकिली करतो काय? मुळीच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले की, संविधानाचे मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्गांना थारा देता कामा नये. पण त्याच भाषणात, असे मार्ग खुले नव्हते तेव्हा इतर मार्गांना बरेच समर्थन होते, हेही ते म्हणाले. समीक्षक पहिले वाक्य आम्हांला ऐकवतात आणि दुसरे गिळून टाकतात. ‘कर्णन’ नेमका या दोन वाक्यांच्या मधला चित्रपट आहे. मार्ग कागदावर खुला आहे आणि ठाण्याच्या दारात बंद आहे! शिवाय हा चित्रपट किंमत लपवत नाही. गावातला म्हातारा स्वतःला पेटवून घेतो, माणसे मरतात, नायकाची उमेदीची वर्षे तुरुंगात जातात. याला उदात्तीकरण म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.

आमच्या तरुणांनी हा हिशेब नीट वाचावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये झाला, तरी चवदार तळ्याचे पाणी ठरावाने मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी हजारो पाय तळ्यापर्यंत चालत गेले. सत्याग्रहींवर हल्ला झाला, डोकी फुटली. तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून रोखले आणि लढा न्यायालयात नेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण तो विजय कोणाला परत घेता आला नाही.

आज आपल्या हाती १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम ४ नुसार गुन्हा नोंदवण्याचे कर्तव्य जाणूनबुजून टाळणारा बिगर अनुसूचित जाती-जमातीचा लोकसेवक स्वतःच आरोपी ठरतो. २०१५ च्या दुरुस्तीने तर लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हाही गुन्हा केला. ‘कर्णन’मधला घोडा समीक्षकांना निव्वळ प्रतीक वाटतो. या देशाच्या संसदेला त्या घोड्यासाठी कायदा लिहावा लागला आहे, महाशय!

म्हणून आमचे सांगणे इतकेच. शहापूर-मुरबाडच्या पोरांनो, चित्रपट अवश्य पाहा, शिट्याही मारा. आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या दहा जणांच्या सह्या घेऊन एसटीच्या आगारात थांब्यासाठी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा, तरीही जमले नाही तर सनदशीर मोर्चा काढा. बस थांबली पाहिजे. ती थांबली, तर तलवारीची चर्चा करण्याची वेळ समीक्षकावरही येणार नाही.

जय भीम!