ऑनलाइन आंबाविक्री : पहिले दहा ग्राहक कसे मिळवावेत?

आंबा बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टांचे फळ दोन-अडीच महिन्यांच्या हंगामात पदरी पडते, अथवा हातचे जाते. फवारणी, राखण व काढणी यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि तयार झालेले फळ कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी पेट्या दलालाकडे पाठवून पट्टीची वाट पाहण्यावाचून बहुतेकांना पूर्वी गत्यंतर नसे. 2016 साली महाराष्ट्र शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त केली. त्याच वर्षी यूपीआयची सोय सुरू झाली व मोबाइलवरून घरबसल्या पैसे देणे-घेणे सुलभ झाले. त्यामुळे बागेतून थेट ग्राहकाच्या घरी आंबा पोहोचविण्याचा मार्ग लहान बागायतदारासही मोकळा झाला आहे.

तथापि या मार्गास नव्याने लागणाऱ्यांचा अनुभव पुष्कळदा निराळा असतो. खर्च करून संकेतस्थळ तयार केले जाते, बागेची छायाचित्रे झळकतात, ओळखीचे लोक कौतुकही करतात. मागणी मात्र येत नाही. याचे कारण उघड आहे. जे फळ पाहिले नाही, हाती घेतले नाही, त्यासाठी अनोळखी माणसाने आगाऊ पैसे का द्यावेत? हा विश्वास प्रथम थोड्या माणसांच्या ठायी, एकेक करून, निर्माण करावा लागतो.

ग्राहकाच्या दारी जावे

परदेशातील एक उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणारा एअरबीएनबी हा ऑनलाइन व्यवसाय आज जगभर पसरला आहे. त्याचा प्रारंभ 2007 साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. तेथे एका परिषदेसाठी आलेल्या तीन पाहुण्यांना संस्थापकांनी पैसे घेऊन स्वतःच्याच घरात हवेच्या गाद्यांवर उतरविले. पुढे धंदा रेंगाळला, तेव्हा 2009 साली ते न्यूयॉर्कला गेले, घरमालकांना घरोघर जाऊन भेटले आणि त्यांच्या घरांची नवी, चांगली छायाचित्रे काढून दिली. व्यवहार ऑनलाइन होता. परंतु आरंभीची माणसे पायपीट करूनच जोडावी लागली. बागायतदाराने हेच ध्यानात ठेवावे.

चाकरमान्यांपासून प्रारंभ

कोकणातील बागायतदारास दूर शोधावयास नको. गावची माणसे मुंबई-पुण्यात नोकरी-धंद्यानिमित्त आहेत, त्यांची ग्रामस्थ मंडळे आहेत. शिमग्याला हे चाकरमानी गावी येतात आणि आंब्याचा हंगामही त्याच सुमारास उघडतो. त्यांना बाग दाखवावी, झाडावरचे फळ दाखवावे व वहीत त्यांची नावे लिहून घ्यावीत. नावापुढे पत्ता, किती डझन हवेत आणि कोणत्या आठवड्यात, एवढे टिपावे. अशी वीस-पंचवीस नावे झाली, तर त्यांतून पैसे देणारे दहा ग्राहक मिळणे अवघड नाही. या टप्प्यावर वही, फोन आणि व्हॉट्सॲप एवढी साधने पुरेशी होत.

मूल्य आगाऊ घ्यावे

येथे एक संकोच आड येतो. “आपल्याच माणसाकडे पैसे कसे मागावयाचे?” असे अनेकांना वाटते व पहिल्या पेट्या भेट म्हणून धाडल्या जातात. भेट अवश्य द्यावी; पण तिला विक्री समजू नये. फुकट मिळालेल्या आंब्याचे सर्वजण कौतुक करतात. त्यातून आपला भाव योग्य की अयोग्य, हे मात्र कळत नाही. ज्याने पैसे मोजले, तोच फळ लहान होते, पेटी दबली होती, माल दोन दिवस उशिरा आला, हे स्पष्ट सांगतो. म्हणून पहिल्या दहा ग्राहकांकडून ठरलेला पूर्ण भाव घ्यावा व तो मागणीबरोबरच घ्यावा.

पेटी पोहोचल्यावर फळे पिकण्यास लागणारे दिवस सोडून प्रत्येकास स्वतः फोन करावा. “आंबा आवडला का?” असे विचारल्यास भिडेखातर होकारच मिळतो. त्याऐवजी “काकी, पुढच्या आठवड्यात आणखी दोन डझन पाठवू का?” असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तरच खरे उत्तर होय. नकार आल्यास राग न मानता कारण विचारून वहीत नोंदवावे.

साक्याची जबाबदारी

हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. दुकानातील ग्राहक दुसरे फळ मागू शकतो, दूरचा ग्राहक मात्र फसवणूक झाली असे समजतो. म्हणून साका निघाल्यास छायाचित्र पाठवावे, तेवढी फळे पुढील पेटीत भरून देऊ, असे आधीच कळवावे आणि शब्द पाळावा. साका कमी राहावा यासाठी फळे चौदा आणे तयार होताच देठासह काढावीत; झाडावर अधिक पक्व होऊ दिल्यास साक्याचे प्रमाण वाढते. काढलेली फळे उन्हात ठेवू नयेत. पिकविण्यासाठी गवताची आढी वापरावी. कॅल्शियम कार्बाइडचा वापर कायद्याने निषिद्ध आहे.

कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते आपल्या पेटीवर वापरावयाचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

हिशेब आधी मांडावा

उदाहरणादाखल, डझनाला 900 रुपये भाव धरू. पेटी व गवत 50, वाहतूक 120, शहरात घरपोच देणे 60 आणि खराब फळांची भरपाई 40 असे 270 रुपये वजा जाता 630 रुपये उरतात. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. उरलेली रक्कम दलालाच्या पट्टीतील निव्वळ रकमेपेक्षा जास्त असेल, तरच हा खटाटोप फायद्याचा. पहिल्या वर्षी सारा माल या मार्गाने नेऊ नये. थोड्या पेट्या थेट विकाव्यात व उरलेला माल नेहमीच्या बाजारी पाठवावा, म्हणजे हंगाम धोक्यात येत नाही.

संकेतस्थळ केव्हा काढावे?

पहिल्या दहांपैकी काहींनी पुन्हा मागणी केली आणि त्यांच्या सांगण्यावरून एखाद्या अनोळखी घरातून पैसे आले, म्हणजे पाया पक्का झाला असे समजावे. मागण्या वहीत मावेनाशा झाल्या, की मग संकेतस्थळावर खर्च करावा. वहीत नोंदविलेल्या तक्रारी व शंका यांची उत्तरेच त्यावर प्रथम लिहावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या गावातील दोन-तीन होतकरू बागायतदारांना एकत्र बसवून अशी वही घालून द्यावी आणि हंगाम संपल्यावर तिचा हिशेब सर्वांसमक्ष वाचावा. दहा घरांचा विश्वास ज्याने राखला, त्याला अकरावे घर शोधणे तितके कठीण जाणार नाही.