मागच्या सीटचा बॅकरेस्ट: लावा, पण ओढून बघा

बाइकला रेस दिली की मागे बसलेला माणूस मागे फेकला जातो. तिथे टेकू देतो तो बॅकरेस्ट. हार्ले-डेव्हिडसनच्या बऱ्याच क्रूझरवर तो काढता-घालता येतो. डॉकिंग पॉइंट बोल्टने बाइकवर कायम राहतात. बॅकरेस्ट त्यांवर अडकतो आणि लॅचने लॉक होतो.

डॉकिंग पॉइंट बसवताना दोन्ही बाजूंचे बोल्ट आधी हातानेच फिरवा. एकच पूर्ण आवळला, तर बाकीची भोकं जुळत नाहीत आणि जबरदस्ती केली की आटे खराब होतात. सगळे बसले की मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा.

आता बॅकरेस्टच्या खाचा पॉइंटवर बसवा, लॅच बंद करा आणि वर, मागे जोरात ओढून बघा. जरा जरी हलला, तर कुणाला बसवू नका. उंच बॅकरेस्ट म्हणजे तरफच: वर टेकलेल्या पाठीचा जोर खाली लॅचवर कैकपट होऊन येतो.

आपल्याकडे अजून एक गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागच्याला धरायला हँडग्रिप लागतेच. बॅकरेस्टसाठी ती काढू नका.

मागे आई निवांत टेकून बसते, ती त्या लॅचच्या भरवशावर. म्हणून दर वेळी निघण्याआधी एकदा ओढून बघाच!