साखरेबरोबर रक्तातील चरबीही तपासावी

घरातील मधुमेही माणूस दवाखान्यातून परतला की सगळे एकच विचारतात, “साखर किती आली?” आकडा बरा असला की घर निश्चिंत होते. परंतु मधुमेह्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण हृदयविकार हे आहे, आणि त्यात रक्तातील चरबीचा वाटा फार मोठा असतो.

इन्सुलिनचे काम साखरेपुरतेच नाही. अंगात साठलेल्या चरबीवरही त्याचा लगाम असतो. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात हा लगाम ढिला पडतो. साठ्यातील चरबी सुटून यकृताकडे जाते आणि यकृत तिचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते. त्याबरोबर ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. एलडीएलचे कण बारीक व घट्ट होऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात. एलडीएलचा आकडा मात्र पुष्कळदा साधाच दिसतो, म्हणून फसगत होते.

साखर आटोक्यात आली की ट्रायग्लिसराइडही उतरते. पण तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेले ५,१०२ रुग्ण होते. १९९८ साली निष्कर्ष आले: साखर कडक ताब्यात ठेवल्याने डोळे व मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे चतुर्थांशाने घटले. हृदयाचे झटके कमी झाल्याचे स्पष्ट व्हायला आणखी दहा वर्षे लागली. उलट २००४ सालच्या एका अभ्यासात, पूर्वी हृदयविकार नसलेल्या मधुमेह्यांना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन दिल्याने हृदयविकार व पक्षाघाताचे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी झाले. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेह्यांना डॉक्टर ही गोळी देतात ती यासाठी. तिने साखर किंचित वाढते हे खरे. पण तेवढे ऐकून गोळी आपल्या मनाने बंद करणे म्हणजे पाऊस थांबला म्हणून कौले उतरवून ठेवणे!

आता स्वयंपाकघराकडे. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे छापलेले पाहून हात सैल सोडू नये. कोणत्याच वनस्पती तेलात ते नसते. ट्रायग्लिसराइड तर साखरेने, भाताच्या ढिगाने आणि दारूनेही वाढते; ते ५००च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. आपल्या बेळगाव भागात ऊस घरचा, गूळ घरचा, आणि ‘गूळ बाधत नाही’ हा समजही घरचाच. मधुमेह्याला तो साखरेसारखाच बाधतो. भात निम्मा करून डाळ व पालेभाजी वाढवावी. मूठभर भाजके शेंगदाणे चालतील, त्यांची चिक्की नको.

चरबीची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. एलडीएल साधारणपणे १००च्या आत, धोका अधिक असल्यास ७० किंवा त्याहून खाली, आणि ट्रायग्लिसराइड १५०च्या आत असावे. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर सकाळची साखरेची गोळी केव्हा घ्यावी, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे.

उपाशी राहण्यावरून आठवले. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवसांचा उपवास १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांसाठी आहे, आजाऱ्यांना तो बंधनकारक नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन दिवसभर पोट रिकामे ठेवल्यास साखर एकाएकी खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. अशांनी वेळेवर जेवावे आणि त्या दिवशी दुसरा एखादा त्याग करावा.