परसातील सुधारित कोंबड्या : पहिले सहा आठवडे



परसातील कोंबडीपालनावरचा कार्यक्रम ऐकून बरेच श्रोते विचारतात, "कोणती जात घ्यावी?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न मला एका बाईंनी शिकवला. तो आधी सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी डोंगराकडच्या एका वाडीवर बचतगटातील भगिनींना मी सुधारित जातीची एक दिवसाची पिले मिळवून दिली, घरटी वीस. जातीचे गुण तासभर सांगितले. दिवस पौषातले. पंधरा दिवसांनी वाडीवर गेलो, तर एका घरी वीसातली सहा पिले उरली होती. त्या बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पिलांपेक्षा माझी गावठी कोंबडी बरी. ती आपली पिलं पंखाखाली घेती. यांना आई कुठाय?"

चूक त्यांची नव्हती, माझी होती. यंत्रात उबवलेल्या पिलाला आई नसते. पहिले सहा आठवडे त्याची आई आपणच व्हायचे असते. हे जमले तर जातीचा फायदा मिळतो, नाहीतर पैसे मातीत जातात.

जात कोणती?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी काढलेली 'वनराजा' १०० ते ११० अंडी देते आणि अंगानेही भरते. त्याच संस्थेची 'ग्रामप्रिया' मुख्यतः अंड्यांसाठी आहे. परसात ती १६० ते १८० अंडी देऊ शकते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची 'गिरिराजा'ही आपल्याकडे परिचित आहे. या सर्व जाती रंगीत पिसांच्या आहेत, म्हणून पांढऱ्या कोंबडीसारख्या घारीच्या नजरेत चटकन भरत नाहीत.

हिशेब सोपा आहे. दहा गावठी कोंबड्यांची वर्षाला सहाशे अंडी, तर दहा ग्रामप्रियांची सोळाशे. पण कोंबड्या दहा उरल्या तर!

ऊब कशी द्यावी?

पिले आणण्याच्या आदल्या दिवशीच जागा तयार ठेवावी. वीस पिलांसाठी पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साडेतीन फूट रुंदीचा गोल पुरतो. कोपरे ठेवू नयेत, कारण पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन इंच भाताचे तूस पसरावे आणि पहिले तीन-चार दिवस त्यावर कागद अंथरावा. वरून जाळी घालावी, म्हणजे मांजर व घुशी येणार नाहीत.

मधोमध फूट-दीड फूट उंचीवर साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब टांगावा. एलईडी दिवा लावू नये. तो उजेड देतो, पण ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांजवळ ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावी.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिलांकडे पाहा. दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, दिवा खाली घ्या. दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडते आहे, दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा लागतो आहे, तिथे पोते लावा. सारखी पसरून खात-पीत असतील तर तुम्ही निवांत झोपा.

वीज गेली तर काय? मडक्यात राखेने झाकलेले निखारे ठेवून ते मडके गोलात ठेवावे. मात्र धूर होऊ देऊ नये आणि खोली पूर्ण बंद करू नये. रात्री एकदा तरी उठून पाहावे. त्या बाईंची बहुतेक पिले पहाटेच्या गारठ्यात गेली होती.

दाणापाणी

पिले आल्यावर आधी गूळ घातलेले उकळून गार केलेले पाणी पाजावे. एकेका पिलाची चोच पाण्यात बुडवून त्याला दाखवावे. त्यानंतर कागदावर मक्याचा बारीक भरडा टाकावा. दुसऱ्या दिवसापासून पिलांचे तयार खाद्य द्यावे. नुसत्या कण्यांवर ही पिले वाढत नाहीत. पाण्याचे भांडे उथळ असावे, नाहीतर पिले भिजतात आणि भिजलेले पिलू थंडीने जाते. बुरशी लागलेले धान्य किंवा पेंड कधीच घालू नये. तूस ओले झाले की लगेच बदलावे. ओलाव्यातूनच रक्ती हगवण लागते.

लस चुकवू नका

मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगावर औषध नाही. लस हाच उपाय.

पहिला दिवस : मरेक्सची लस. ती उबवणी केंद्रातच टोचतात, तरी विचारून घ्यावे.
५ ते ७ वा दिवस : लासोटा, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात.
१४ वा दिवस : गंबोरो.
२८ वा दिवस : लासोटा पुन्हा.
६ वा ते ७ वा आठवडा : देवीची लस.
८ वा ते ९ वा आठवडा : आर-टू-बी, टोचून. पुढच्या मात्रा पशुवैद्यकांना विचारून.

लसीच्या बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि एकदा कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते. एकट्याने आणली तर वाया जाते. म्हणून आळीतल्या सर्वांनी एकच दिवस ठरवावा. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी. गावठी कोंबड्यांनाही त्याच दिवशी द्यावी, नाहीतर रोग त्यांच्यामार्फत येतो.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लपवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. मेलेल्या कोंबड्या नाल्यात टाकू नयेत, चुना घालून खोल पुराव्यात.

सहा आठवड्यांनंतर

आता पिले परसात सोडावीत. पहिले काही दिवस संध्याकाळी तासभर, मग हळूहळू दिवसभर. दिवसा किडे-मुंग्या आणि सांडलेले दाणे ती स्वतः वेचतात. संध्याकाळी खुराड्यात घेताना मूठभर धान्य टाकावे, म्हणजे परतायची सवय लागते. वनराजाला मात्र फार चारू नये. ती चरबी धरते आणि अंडी कमी देते. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा. पहिले अंडे साडेपाच ते सहा महिन्यांनी मिळते.

आणखी दोन गोष्टी. सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. आणि तिची अंडी गावठीखाली रवणीला बसवली, तरी त्या पिलांत आईइतके गुण उतरत नाहीत. म्हणून दर खेपेला नवी पिले उबवणी केंद्रातूनच आणावीत. घरची गावठी कोंबडी मात्र मोडू नका. तिला आई होता येते, हा गुण लहान नाही.

दुसऱ्या वर्षी मी त्याच वाडीवर पिले दिली. पण आधी प्रत्येक घरी दिवा टांगलेला पाहिला, मगच पेटी उघडली. त्या बाईंची वीसातली सतरा पिले जगली. अंड्यांच्या पैशातून मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला, असे त्यांनी पुढे आवर्जून सांगितले.

पिलांची मागणी करण्यासाठी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. ही पत्रिका वाचून झाली की खुराड्याजवळ टांगून ठेवावी.